अठ्ठावीस मतं

जनार्दनशेट मोकल मशिदीच्या पायरीशी आले, वहाणा काढल्या, खिशातला रुमाल डोक्याला बांधला आणि दारातच उभे राहिले. शनिवार सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती.

"शाब्बाथ शालोम, मुकादम," ते म्हणाले. शनिवारच्या आमच्या अभिवादनाचे हे दोन शब्द ते कुणाकडून तरी घोकून आले असावेत.

आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराला आंबेखारात सगळे मशीदच म्हणत, आम्हीसुद्धा. मुकादम म्हणजे माझे वडील, शालोम रूबेन झिराडकर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मशिदीची किल्ली आणि इस्राएल आळीची सगळी काळजी त्यांच्याकडे होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. प्रार्थनेला पुरुष पुढे बाकांवर बसत, आम्ही बायका मागच्या खोलीत, मध्ये लाकडी जाळी. त्या जाळीतून मला जनार्दनशेटचा अर्धा चेहरा आणि बाबांची पाठ दिसत होती.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. मे महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमच्या वॉर्डात जागा एक आणि आळ्या तीन. आगरी आळी जनार्दनशेटच्या मागे उभी होती. त्यांची भाताची गिरणी होती आणि चिन्ह छत्री. कोळीवाडा द्वारकाबाई नाखव्याच्या मागे होता. ती मासळीचा धंदा करायची, चिन्ह शिडी. दोन्हीकडची मतं जवळजवळ सारखी. मध्ये आम्ही, अकरा पुरुष आणि सतरा बायका. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ज्याला आमची अठ्ठावीस मतं तो निवडून येणार.

"या, आत या," बाबा म्हणाले.

"नको, इथंच बरा आहे. मुकादम, तुमच्या कबरस्तानाला भिंत नाही, हे मला बरं वाटत नाही. मी निवडून आलो की पहिल्या बैठकीत भिंतीचा ठराव. दगडी, चारही बाजूंनी. फक्त तुमच्या माणसांची मतं एकगठ्ठा छत्रीला पडली पाहिजेत. तुम्ही आपसांत बोलून घ्या, मी अंगणात थांबतो."

ते बाहेर गेले आणि आत जो गलका उठला, तो मला अजून ऐकू येतो.

सगळ्यात आधी मोझेस मास्तर उठले. ते निवृत्त मुख्याध्यापक, जनता पक्षाचे कट्टर. "कालपर्यंत हाच माणूस आणीबाणीचे गोडवे गात होता. ह्याला मत?"

"मग काय झालं? गाड्या तरी वेळेवर येत होत्या," दावीद अष्टमकर म्हणाले. त्यांच्या घरात दहा आज्ञांच्या तसबिरीशेजारी पंडितजींचा फोटो होता आणि दोन्हींना ते सारखंच पुसत.

"आंबेखारात गाडी कुठं येते रे?"

"तत्त्वाची गोष्ट चालली आहे, मास्तर!"

बेंजामिन, आळीतला सगळ्यात तरुण पुरुष, कंटाळून म्हणाला, "मला काय, मी दिवाळीनंतर इस्राएलला चाललो. तुम्ही घाला गोंधळ."

"तिथं काय शांतता आहे?" मास्तर म्हणाले. "तुझ्याच काकांचं पत्र वाचून दाखवलं होतंस ना? चौघे भाऊ चार पक्षांच्या सभांना जातात आणि जेवताना म्हातारी आई मध्ये बसते, म्हणून ताटं शाबूत राहतात."

सगळे हसले, एक हेझकेलकाका सोडून. ते माझे सख्खे काका नव्हेत. बाबांचे बालमित्र, शेजारच्याच घरातले. पंचवीस वर्षं मुंबईत कापडगिरणीत होते. लाल बावट्याच्या संपात दोनदा तुरुंगात जाऊन आले, आणि डाव्या हाताची पहिली दोन बोटं मागावर ठेवून गावी परतले. नव्या वर्षाला मशिदीत शिंग तेच फुंकत. लाल बावटेवाला माणूस दर शनिवारी मशिदीत कसा, असं कुणी विचारलं की म्हणत, "देव आहे का, ते मला अजून नक्की ठाऊक नाही. पण दहावा माणूस लागतो, ते ठाऊक आहे."

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा जाणते पुरुष लागतात. नऊ असले तर घरी बसून जे म्हणायचं ते म्हणा, पण मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती कद्दीश म्हणता येत नाही. आमचे पुरुष अकरा, त्यांतले अब्राहामआजोबा अंथरुणाला खिळलेले. म्हणजे बरोबर दहा उरत.

बाबा बाकावरून उठले. मग म्हणाले, "उधाणाचं पाणी बाहेरच्या रांगेपर्यंत येतं. गेल्या पावसात दोन दगड आडवे झाले. म्हशी येऊन बसतात. मी एकट्यानं किती वेळा हाकलू?"

खाडीच्या बाजूच्या त्या रांगेत शेवटची लहान कबर माझ्या भावाची होती. एलिया. नवव्या वर्षी गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. बाबा त्याचं नाव घेत नसत. त्या दिवशीही घेतलं नाही.

"मला हा माणूस पटत नाही, शालोम," शेवटी हेझकेलकाका म्हणाले. "त्याच्या गिरणीत बायकांना पुरुषांच्या निम्मी मजुरी आहे. माझा हात त्या छत्रीवर जाणार नाही. पण तू शब्द दिलास, तर तो मी मोडणार नाही. झालं?"

"झालं," बाबा म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी जनार्दनशेटचा हात हातात घेतला. "अठ्ठावीसही तुमची."

जाळीच्या अलीकडे आळीतल्या रिबकाकाकू हळूच म्हणाल्या, "आपण सतरा जणी आहोत. आपल्याला कुणी विचारलं?"

"चल, ऊन चढलंय," आई म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत उठली.

मतदानाच्या चार दिवस आधी द्वारकाबाई विहिरीवर आली. वैशाखात आमची विहीर तळाला जायची. कठड्याभोवती बायका हंडे ठेवून बसत, पाणी झिरपायची वाट बघत. मग कुणीतरी आत उतरून वाटीवाटीनं भरायचं. द्वारकाबाईनं विहिरीत डोकावून पाहिलं.

"मी भिंतबिंत काय सांगाया आली नाय," ती म्हणाली. "नळ आणायचा हाय. आणीन का, ते मलाच ठाव नाय. पण भांडेन. कशी भांडते ते तुमी बाजारात बघितलंच हाय."

बायका आपापले हंडे सारखे करत राहिल्या. मुकादमाचा शब्द गेलेला होता. द्वारकाबाई गेल्यावर रिबकाकाकू तिच्या चालण्याची नक्कल करून हसवायला लागल्या आणि आम्ही हसलो. आई तेवढी हसली नाही. तिचा हंडा अर्धा झाला होता. ती पाण्यावरचा काडीकचरा बोटानं काढत बसली होती.

मतदान शाळेत होतं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून फाटकाबाहेर उभे होते आणि आळीतलं माणूस आलं की नुसती मान हलवत होते. माझं हे पहिलं मत नव्हतं. लोकसभेला दिलं होतं. तरी हातातली चिठ्ठी मी दोनदा वाचली. हेझकेलकाका माझ्यापुढे होते. शाईवाल्या कारकुनानं त्यांचा डावा हात धरला आणि घोटाळला. काका म्हणाले, "पुढच्या बोटाला लावा. तेही चालू आहे." मग ते आडोशाच्या मागे गेले. बराच वेळ लागला त्यांना. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि माझ्याकडे न बघताच ते निघून गेले.

मग मी गेले. टेबलावर शिक्का होता. मी तो उचलला, मारला, कागदाची घडी केली, पेटीत टाकली. बाहेर आले तेव्हा बाबांनी मान हलवली. मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. द्वारकाबाई चौदा मतांनी निवडून आली.

गुलाल कोळीवाड्यात उधळला गेला, पण जनार्दनशेट आले ते आमच्या आळीत. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या ओटीसमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मुकादम, मी तुमच्या मशिदीत डोकं झाकून आलो होतो. तुम्ही हात हातात दिला होतात. माझ्या आळीतलं एकही मत फुटलेलं नाही. ह्यापुढं तुमच्या शब्दाचं वजन किती, ते गाव ठरवील." आणि गेले.

बाबांनी चाळीस वर्षं टपाल वाटलं होतं. लोकांच्या मनीऑर्डरी, तारा, पत्रं. त्यांच्या हातून एक पाकीट कधी गहाळ झालं नव्हतं. त्या दिवशी ते ओटीवरून उठलेच नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी मशिदीत कुजबुज आधीच सुरू होती. दावीद अष्टमकर उघडच बोलले, "ज्यानं आयुष्यभर लाल बावटा धरला, तो छत्रीवर शिक्का मारील, असं वाटलंच कसं आपल्याला? त्यानंच बायकांच्या कानांत भरवलं असणार."

सगळे हेझकेलकाकांकडे बघायला लागले. बाबा त्यांच्या बाकाशी गेले.

"तुम्ही मत कुणाला दिलंत?"

दोघं एकमेकांना जन्मापासून अरेतुरे करत आले होते. बाबांनी त्यांना 'तुम्ही' म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"मत गुप्त असतं," काका म्हणाले. "मी शब्द दिला होता. तेवढं तुला पुरायला हवं, शालोम."

"पुरत नाही."

काकांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. त्याचं चुंबन घेतलं, बाकावर ठेवलं. "मग तुमची प्रार्थना नऊ जणांत करा," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

जाळीमागे मी बसले होते. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही असेन. पण पुढे बाबांचे पडलेले खांदे दिसत होते आणि शब्द फुटला नाही. त्या दिवशी दिवे लागले, प्रार्थनेनंतर घ्यायची वाईन तशीच राहिली, आणि नऊ माणसं एकेक करून घरी गेली.

पुढच्या आठवड्यातही नऊच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एलियाच्या मृत्यूचा वर्षदिन येत होता, त्या दिवशी कद्दीश म्हणायची असते. बाबांनी रेवदंड्याला निरोप धाडला, एक माणूस द्या म्हणून. तिथं लग्न होतं, माणूस मिळाला नाही. पनवेलला तार केली, उत्तर आलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ते कॅलेंडरासमोर उभे होते. त्यांनी त्या तारखेवर पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं होतं. दर वर्षी तसंच करत.

मी स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, हेझकेलकाकांचं काही ठाऊक नाही मला. पण मी शिडीवर शिक्का मारला."

आईचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे."

"कसं?"

"मीही मारला."

मी जवळ सरकले. ती म्हणाली, "रिबकानंही मारला असणार. त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते. आणखी किती जणींनी मारला, देव जाणे. आम्ही कुणी कुणाला सांगितलं नाही."

"मग तू बाबांना का नाही सांगितलंस?"

"माझं सांगितलं असतं. पण एकदा पोतं सुटलं की तुझंही नाव निघालं असतं. माझ्यावर रागावतील आणि विसरतील. तुझ्यावर नाही रागावायचे, पण विसरायचेही नाहीत." तिनं सूप खाली ठेवलं. "तू का मारलास?"

खरं म्हणजे तिला विचारायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात विहीर अशीच तळाला गेली होती. पंधरा दिवसांत आळीत चार पोरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तिघं वाचली. चौथा एलिया. अलिबागला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत त्याचे डोळे आत गेले होते.

"त्या दिवशीचं पाणी मी आणलं होतं," मी म्हणाले. "तू रिबकाकाकूंच्या बाळंतपणात होतीस. मला उकळून ठेव म्हणाली होतीस. मी नुसतं गाळलं. तो खेळून आला, तहान लागली म्हणाला, आणि मी तांब्या दिला."

हे मी सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं माझा हात धरला. तिच्या बोटांना तांदळाची पूड लागलेली होती. ती म्हणाली, "चारही घरांनी त्याच विहिरीचं पाणी भरलं होतं, केतुरा." बस, एवढंच. मग तिनं मला हलकेच ढकललं. "जा. त्यांना सांग. आज सांग."

बाबा ओटीवर होते. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. शिडी, शिक्का, विहीर, तांब्या. आईचं नाव मी घेतलं नाही, पण ती मागे उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझंही शिडीलाच."

बाबांनी चष्मा काढला.

"शिक्का मारताना तुला त्याच्या कबरीचं काही वाटलं नाही?"

"तेवढंच वाटत होतं, बाबा."

"आणि पाण्याचं हे... मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही त्याचं नावच काढू देत नव्हतात."

ते उठले. मला वाटलं आत जातील. पण त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, पायऱ्या उतरले आणि सरळ हेझकेलकाकांच्या अंगणात गेले. मी मागोमाग गेले. काका कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"हेझकेल, माझं चुकलं," बाबा म्हणाले. "घर माझंच फुटलं होतं. पोरीनं आणि हिच्या आईनं शिडीला मत दिलं. मी सगळ्यांसमोर तुझ्यावर आळ घेतला. तोही देवासमोर."

काकांनी पसाभर दाणे एकदमच टाकले. कोंबड्या त्यांच्या पायांशी गोळा झाल्या.

"मी छत्रीवर शिक्का मारला," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं गिरणीमालकांशी भांडलो, तुरुंगात गेलो, आणि त्या दिवशी त्या आडोशाच्या मागे उभा राहून एका गिरणीमालकाला मत दिलं. हात जाईना. दोनदा शिक्का खाली ठेवला. का, तर शालोमनं शब्द दिलाय. एलियाची कबर आहे. तो पोरगा माझ्या खांद्यावर बसून शिंग वाजवायला शिकत होता." त्यांचा आवाज चढला. "आणि तू मला विचारतोस, मत कुणाला दिलंत!"

बाबा खाली मान घालून उभे होते. काका माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता माझी पाळी.

"तू शिडीला दिलंस?"

"हो, काका."

"माझ्या मनातलं मत तुझ्या हातून पडलं म्हणायचं." ते हसले, पण त्यात सुख नव्हतं. "आणि माझ्या हातून ह्याच्या मनातलं."

"उद्या त्याचा वर्षदिन आहे," बाबा म्हणाले.

"मला तारीख ठाऊक आहे."

"येशील?"

काकांनी दाण्यांचं डबडं झाकलं आणि ते घरात गेले. दार लावून घेतलं नाही, उघडंही ठेवलं नाही, नुसतं लोटलं.

शुक्रवारी संध्याकाळी नऊ जण जमले. बाबा वेदीशी उभे होते, पुस्तक उघडून, पहिल्या ओळीवर बोट ठेवून. सुरुवात करता येत नव्हती आणि घरीही जाववत नव्हतं. दावीद अष्टमकर खिडकीशी जाऊन येत होते. मग पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. हेझकेलकाका आत शिरले, कुणाकडे न बघता अगदी शेवटच्या बाकावर बसले. आपल्या नेहमीच्या जागी नाही.

बाबांनी कद्दीश म्हटली. मध्येच आवाज अडला, तेव्हा मागच्या बाकावरून खरखरीत "आमेन" आलं, जरा लवकरच, जसं चढणीला मागून कुणी गाडीला हात लावावा. बाबा पुढे म्हणाले. प्रार्थना संपल्यावर ते जाळीकडे वळले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "एलिया शालोम झिराडकर." मागच्या खोलीत आई रडत होती आणि रिबकाकाकूंनी तिला धरलं होतं.

ह्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं कुणी समजू नये. काका दर शनिवारी यायचे, पण बाबांशी बोलायचे नाहीत. किप्पूरच्या उपासाच्या आदल्या दिवशी, ज्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, त्या दिवशी बोलले. म्हणजे पुरते चार महिने गेले. भिंत पंचायतीनं कधीच बांधली नाही. पुढे ठाण्या-मुंबईच्या आणि इस्राएलच्या नातलगांनी मदत केली तेव्हा जांभ्या दगडाची कमरेएवढी भिंत तीन बाजूंनी झाली. खाडीची बाजू अजून उघडीच आहे. नळ अडीच वर्षांनी आला, एकच तोटी, सकाळी तासभर. आता आळीत आमच्यातलं कुणीच राहत नाही. मी ठाण्याला असते. निवडणूक आली की कुणीतरी विचारतंच, तुम्ही ज्यू लोक मत कुणाला देता? मी म्हणते, कुणाकुणाचं सांगू?

कारण मला तो अर्ज आठवतो.

वर्षदिनानंतरच्या सोमवारी बाबांनी टपालातला जाड कागद काढला आणि नळासाठी अर्ज लिहायला घेतला. आळीतल्या अठ्ठावीस जणांच्या सह्या घ्यायच्या आणि द्वारकाबाईला नेऊन द्यायचा. पहिली सही त्यांनी आईची घेतली. दुसरी माझी. मग मला म्हणाले, "त्याच्याकडे जाऊन ये."

हेझकेलकाकांनी अर्ज वाचला. "तुझ्या बापाला सांग, 'नम्र विनंती' नको. 'मागणी' लिही. पाणी कुणाच्या उपकारानं मिळत नाही."

मी घरी आले. बाबा म्हणाले, "त्याला सांग, ही पंचायत आहे, कापडगिरणी नव्हे."

मी परत गेले. काका म्हणाले, "मग माझी सही नाही."

'नम्र' गेलं, 'विनंती' राहिली. मग 'विनंतीवजा मागणी' झाली. मोझेस मास्तरांनी दोन ठिकाणचं शुद्धलेखन सुधारलं आणि मागच्या सरकारच्या हलगर्जीपणाबद्दल एक वाक्य घातलं. ते दावीद अष्टमकरांनी खोडायला लावलं. रिबकाकाकू म्हणाल्या, विहिरीचा गाळ काढायचंही लिहा, नळ येईपर्यंत काय हवा पिणार? ते लिहिलं. बेंजामिन म्हणाला, मी तर चाललोय. मग म्हणाला, पण आई राहणार आहे, आणा इकडे. तीन दिवस मी ह्या घरातून त्या घरात चकरा मारत होते. बाबांनी चार वेळा अर्ज नव्यानं उतरवला, त्यांच्या त्या टपालातल्या रेखीव अक्षरात, आणि एकदाही कुणाला म्हटलं नाही की मुकादमानं लिहिलंय ते मान्य करा.

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर कोळीवाड्यात गेले. द्वारकाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं हात पुसले, कागद घेतला आणि सह्यांवरून बोट फिरवत मोजत गेली. काही अंगठे होते, ते तिनं नीट बघितले.

"सत्तावीस हायेत, मुकादम. तुमी तर अठ्ठावीस ना?"

"अब्राहामकाका नाही म्हणाले," बाबा म्हणाले. "नळाच्या पाण्याला चव नसते म्हणतात."

"अवो, म्हाताऱ्याचा अंगठा घ्याचा धरून. कोण बघतंय?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी दोन वेळा जाऊन बसलो त्यांच्यापाशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाहीच म्हणाले." मग टोपी सारखी करत, पाकिटावर पत्ता वाचून दाखवावा तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही सत्तावीसच धरा."